आधी घडी ठरवा, मग ग्रेड: पातळ स्टेनलेस पत्र्याच्या कामाबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऐरोलीत राहता, रबाळ्याला छोटा गाळा भाड्याने घेतला आहे. नात्यातल्या एका ताईंच्या पोळी-भाजी केंद्रासाठी पाच फूट बाय दोन फुटांचा काउंटर टॉप, चार ट्रे आणि बाहेर लावायचे दोन डबे करायचे आहेत. ०.८ मिमीचा पत्रा आणून एक ट्रे बाहेरच्या आर्गॉनवाल्याकडून वेल्ड करून घेतला, तर तो पापडासारखा वाकला. शिवाय दुकानदाराने ३०४ (स्टेनलेसची एक ग्रेड) म्हणून दिलेल्या त्या ट्रेवर महिन्याभरात तांबूस ठिपके आले. आता विचारताय की ३०४ घ्यावा की २०२, ०.८ घ्यावा की १.२, आणि स्वतःचं टीआयजी (आर्गॉन वेल्डिंगचं) मशीन घ्यावं का.

मी वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षं पत्र्याचंच काम करतो आहे, बहुतेक किचन इक्विपमेंट आणि पॅनल बॉक्स. त्या अनुभवावरून सांगतो, ट्रे वाकणं आणि ठिपके येणं या तुमच्या दोन्ही तक्रारींचा ग्रेडशी फारसा संबंध दिसत नाही. ट्रे वाकला तो चार भिंती वेगळ्या कापून तळाला जोडल्यामुळे, हे तुमच्या वर्णनावरूनच कळतं. ठिपके बहुधा गाळ्यातल्या लोखंडाच्या भुशामुळे आले आहेत. म्हणून ग्रेडकडे वळण्याआधी वस्तूचा आकार कागदावर बघू.

पातळ पत्र्याला ताठपणा जाडीतून थोडा येतो आणि घडीतून खूप येतो. जाडी ०.८ वरून १.२ केली तर सपाट पत्र्याचा ताठपणा साधारण ३.४ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वजन आणि पैसे मात्र दीडपट. आता दुसरा हिशोब बघा. ३०० मिमी रुंदीची १ मिमीची सपाट पट्टी घ्या आणि तिच्या दोन्ही लांब कडा खाली २५ मिमी वळवा. लांबीच्या दिशेने तिचा ताठपणा तीनशे पटींहून जास्त होतो. हिशोब तुम्ही स्वतः करून बघू शकता, साधं जडत्व आघूर्णाचं गणित आहे. त्यासाठी पत्रा जास्तीचा लागला फक्त ५० मिमी. जाड पत्रा घेऊन घडी वाचवणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे, आणि नवीन माणूस नेमका तोच धरतो.

तेव्हा ट्रे एकाच तुकड्यातून काढायचा. चारही कोपरे खाचायचे, चार बाजू वर वळवायच्या आणि वेल्डिंग फक्त चार उभ्या कोपऱ्यांना. वरचा काठ बाहेर १०-१२ मिमी वळवून परत आत मुडपायचा. त्याने हात कापत नाही आणि ट्रेचा वरचा चौकोन ताठ होतो. तुमच्या ट्रेला तळाची अख्खी परिमिती वेल्ड होती. लांब सांध्यांची बेरीज केली तर दोन मीटरच्या घरात गेली असेल. एका तुकड्यातून केलात तर तीच बेरीज चार छोट्या टाक्यांवर येते. वेल्डरचा हात कितीही चांगला असला तरी पहिल्या ट्रेत त्याला फार वाव नव्हता.

काउंटर टॉपलाही हेच लागू. पुढची कड खाली ४० मिमी आणि तिथून आत १५ मिमी. मागची कड वर १०० मिमी, म्हणजे भिंतीवर पाणी जात नाही. मधला सपाट भाग मात्र कडा कितीही वळवल्या तरी दाबला की टक करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. त्यासाठी खालून टोपीच्या आकाराचे दोन-तीन चॅनल लावायचे. ते वेल्ड करू नका, वरच्या बाजूला प्रत्येक टाक्याची खूण उमटते. पीयू (पॉलियुरेथेन) ॲडहेसिव्हने चिकटवा आणि रात्रभर वजन ठेवून सोडा. काहीजण खाली प्लायवूड घालतात. आवाज कमी होतो हे खरं, पण पोळी-भाजीच्या ठिकाणी रोज पाणी मारून धुतात, कड नीट बंद नसेल तर प्लाय फुगतो आणि वास धरतो. मी तिथे प्लाय टाळतो.

आता जाडी. एवढ्या घड्या असतील तर ट्रेला ०.८ पुरतो. काउंटरला मी १.२ घेईन, कारण तिथे पातेली आपटतात, आणि पोचा पडायचा की नाही हे घडीवर नाही, जाडीवर ठरतं. बाहेरच्या डब्यांना १ मिमी. बेंडिंगची सोय नसेल, तुमच्याकडे फक्त ग्राइंडर आणि हातोडी असेल, तर हे सगळं बदलतं. पण रबाळे, महापे, वागळे या पट्ट्यात लेझर कटिंग आणि सीएनसी बेंडिंगची जॉबवर्क करणारी बरीच दुकानं आहेत. हाताने १ मिमी एसएस (स्टेनलेस) वळवत बसण्यात अर्थ नाही.

खरेदी करताना गेजमध्ये बोलू नका, मिलिमीटरमध्ये बोला. २२ गेज म्हणजे एका तक्त्यात ०.७१ आणि दुसऱ्या तक्त्यात ०.७९. दुकानदार कुठला तक्ता धरतो ते त्याच्या सोयीवर असतं. सोबत मायक्रोमीटर न्या. पत्र्यावर पीव्हीसीची फिल्म असेल तर कोपऱ्यातून थोडी सोलून उघड्या पत्र्यावर माप घ्या, काठापासून जरा आत. फिल्मसकट मापलंत तर ०.७४ चा पत्रा ०.८ दिसतो. मिलच्या मापात थोडाफार फरक चालतोच, पण ०.८ म्हणून ०.७ गळ्यात पडू नये. दुसरी खातरजमा वजनाची. ३०४ ची घनता ७.९३ धरा. आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० चा, १ मिमी पत्रा साधारण २३.६ किलो भरतो, ०.८ चा १८.९ आणि १.२ चा २८.३. भाव किलोवर असेल तर पातळ पत्र्यात पैसे बुडत नाहीत, पण तुमचं बेंडिंगचं माप चुकतं आणि वस्तू लेची होते. भाव नगावर असेल तर दोन्हीकडून मार बसतो.

अख्खी शीट लागणार नसेल तर कटपीस बघा. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटला किलोवर तुकडे मिळतात. चांगला सौदा होतो, पण तुकड्यावर मिलचा शिक्का असेलच असं नाही, म्हणून ग्रेडची खात्री स्वतः करावी लागते.

ग्रेडबद्दल लोक फार गोंधळतात, म्हणून सरळ सांगतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०० सीरिजमध्ये, म्हणजे २०१, २०२ आणि बाजारात जे-फोर म्हणतात त्यात, निकेल कमी करून त्याजागी मँगेनीज आणि नायट्रोजन घातलेला असतो, म्हणून तो स्वस्त. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतोच. ३१६ मध्ये वरून दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम, आणि तोच खाऱ्या हवेला जास्त तोंड देतो.

लोहचुंबक लावून ३०४ ओळखतात हा समज सोडा. चुंबक फक्त ४३० पकडून देतो. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळे नेमकी जी फसवणूक होते ती चुंबकाला दिसतच नाही. उलट अस्सल ३०४ बेंड केला की बेंडच्या रेषेवर थोडा चुंबक धरतो, आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. २०० आणि ३०० वेगळे करायला टेस्टिंगच्या बाटल्या मिळतात. पत्र्यावर थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीचा करंट द्यायचा आणि रंग बघायचा. शेजारी खात्रीच्या ३०४ च्या तुकड्यावरही थेंब टाका, म्हणजे रंगाची तुलना डोळ्यांसमोर होते. मोठी खरेदी असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (मिलच्या वितळणीचा क्रमांक) पत्र्यावरच्या छापाशी जुळवा. वाद झालाच तर लॅबमध्ये पीएमआय गनने (धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) काही मिनिटांत उत्तर मिळतं.

तुमच्या कामाला कुठला? ट्रे आणि काउंटरला ३०४. मीठ, चिंच, टोमॅटो, रोजचं धुणं, सगळं आहे तिथे. २०२ मी कोरड्या जागी वापरतो, घरातले रॅक, शोचे पॅनल, आतल्या फ्रेम. बाहेरच्या डब्यांचं ते कुठे लागणार त्यावर अवलंबून आहे. ऐरोली, वाशी, कोपरी इथे खाडीजवळ आणि वर एमआयडीसीची हवा, तिथे ३०४ वर पण चहाच्या रंगाचे डाग येतात. त्याने पत्र्याला भोक पडत नाही, दिसायला वाईट दिसतं. गंमत म्हणजे पावसात भिजणाऱ्या बाजूपेक्षा छज्जाखालच्या आडोशाच्या बाजूला डाग जास्त येतात, कारण तिथलं मीठ आणि धूळ धुतलीच जात नाही. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पुसायची तयारी असेल तर ३०४ घ्या. डबा उंचावर बसणार आणि नंतर कोणी बघणार नसेल तर ३१६. पत्र्यामागे पैसे बरेच जास्त जातात, पण दोन छोट्या डब्यांना लागतो किती?

फिनिशवर फार डोकं घालवू नका. ट्रेला मिलचं टू-बी, म्हणजे मिलमधून येणारं साधं गुळगुळीत फिनिश, पुरे. काउंटरला मॅट किंवा हेअरलाइन (बारीक समांतर रेघांचं) घ्या, ओरखडे त्यात लपतात. हेअरलाइनची रेघ सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेने येईल अशी मांडणी कटिंगच्या आधीच करा. मिरर फिनिश काउंटरला कधीच नाही.

बेंडिंगला देण्याआधी एक छोटं काम करा. त्याच शीटमधून १०० मिमी लांबीची पट्टी कापा आणि तुमचा माल ज्या मशीनवर, ज्या डायवर (खालच्या साच्यावर) वळणार त्यावरच ती मधोमध ९० अंशात वळवून घ्या. दोन्ही पाय बाहेरून मोजा. समजा ५०.९ आणि ५१.० आले, तर बेरीज १०१.९. म्हणजे या पत्र्याला, या डायवर, प्रत्येक बेंडमागे १.९ मिमी वजा करायचे. बाहेरून ३०० हवा असलेला ट्रे, दोन्ही बाजूंना २५ ची भिंत, तर कापायच्या सपाट पत्र्याचं माप ३५० मधून दोन बेंडचे ३.८ वजा, म्हणजे ३४६.२. वरचा काठ मुडपणार असाल तर तेही बेंड धरा. हे नेटवरच्या तक्त्यातून घेऊ नका. डाय बदलला की आकडा बदलतो. १ मिमी पत्र्याला मी ८ मिमी तोंडाचा व्ही-डाय वापरतो. एसएस लोखंडापेक्षा जास्त परत उघडतो, त्यामुळे ऑपरेटर दोन-तीन अंश जास्त दाबतो. त्याला फक्त सांगा की माल ३०४ आहे, पुढचं तो बघतो. फिल्म बेंडिंग होईपर्यंत काढू नका. पण काम उन्हात पडून राहिलं तर तिचा गोंद पत्र्याला असा धरतो की सोलता सोलता जीव जातो.

लेझरवाल्याला नायट्रोजनने कापायला सांगा. कड स्वच्छ चंदेरी येते. ऑक्सिजनने कापलं तर कड काळी होते, ती घासल्याशिवाय वेल्डही नीट बसत नाही आणि गंजही तिथूनच सुरू होतो. भोकंही लेझरमध्येच काढून घ्या. हाताने पाडावीच लागली तर कोबाल्टचं ड्रिल, ५ मिमीला सहाशे-सातशे आरपीएमच्या वर नाही, तेलाचे दोन थेंब आणि सतत दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं की तिथला पत्रा कडक होतो, मग ते भोक विसराच. पातळ पत्र्याखाली लाकडाचा तुकडा घट्ट क्लॅम्प करा.

आता वेल्डिंग. स्टेनलेसमधून उष्णता लोखंडाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश वेगाने पसरते आणि तापल्यावर तो दीडपट प्रसरण पावतो. म्हणजे टॉर्चखालची उष्णता जागच्या जागी साचते, तेवढाच भाग फुगतो आणि थंड होताना आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. ०.८ च्या पत्र्यात ती ओढ सहन करायला मांसच नाही. त्यामुळे सगळी करामत उष्णता कमी घालण्यात आणि घातलेली पटकन काढून घेण्यात आहे.

ट्रेच्या कोपऱ्यासाठी मी असं करतो. दोन्ही भिंती फट न ठेवता भिडवायच्या. फट राहिली की फिलर (सांध्यात वितळवायची तार) जास्त लागतो, फिलर वितळवायला करंट जास्त, आणि तिथेच गाडी घसरते. आतून तांब्याची पट्टी किंवा कोन घट्ट लावायचा, तो उष्णता ओढून घेतो. फिल्म सांध्यापासून पंचवीसेक मिमी मागे सोलायची आणि ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर तिचा गोंद वेल्डमध्ये जळतो. पहिला टाका वरच्या टोकाला, दुसरा खालच्या, तिसरा मध्ये. लांब सांधा असेल तर दर २५-३० मिमीवर. मग एका कोपऱ्यावर वीसेक मिमी वेल्ड करून समोरच्या कोपऱ्याकडे जायचं. परत येईपर्यंत पहिली जागा हात लावण्याइतकी निवलेली हवी. १ मिमीला साधारण ३० ते ४० अँपिअर, ०.८ ला त्याहून कमी, १.६ मिमीचं टंगस्टन (टॉर्चमधली सळई), टोक लांबट घासलेलं. बाहेरचा कोपरा नीट भिडला असेल तर फिलर न घालता नुसता वितळवूनही जोडता येतो. घालायचाच तर ३०४ ला ३०८एल. लोखंडाच्या फ्रेमला एसएस जोडताना ३०९एल.

वेल्डचा रंग बघायची सवय लावा. चंदेरी किंवा फिकट पिवळा, उत्तम. गडद निळा, म्हणजे उष्णता जास्त झाली. राखाडी-काळा, म्हणजे गॅसचं झाकणही कमी पडलं. त्या रंगीत थराखालच्या पृष्ठभागात क्रोमियम कमी झालेला असतो, म्हणून तो थर काढावाच लागतो. बाजारात पिकलिंग पेस्ट मिळते, पण तिच्यात हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. सुरुवातीला दुखतसुद्धा नाही आणि आतपर्यंत भाजतं. योग्य हातमोजे, चेहऱ्याचं शिल्ड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर तुमच्या गाळ्यात ती आणू नका. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडून करून घ्या, किंवा बारीक फ्लॅप डिस्कने घासून पुढचं सिट्रिक ॲसिडने करा. आणि वेल्डिंग करताना शटर उघडं ठेवा. एसएसच्या धुरातला क्रोमियम फुप्फुसाला फार वाईट.

ठिपक्यांकडे येतो. स्टेनलेस गंजत नाही तो पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. शेजारच्या टेबलावर कोणी लोखंडाचा अँगल ग्राइंड करत असेल तर त्या ठिणग्यांचे कण तुमच्या पत्र्यावर येऊन रुततात. गंजतात ते कण, पण तिथला थर पुढे जोडला जात नाही आणि मग पत्र्यालाही खड्डा पडायला लागतो. लोखंडावर वापरलेली डिस्क, साधा तारेचा ब्रश, लोखंडी टेबलावर ओढलेला पत्रा, परिणाम तोच. म्हणून एसएसच्या डिस्क वेगळ्या, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या. ब्रश स्टेनलेसचाच. टेबलावर रबर किंवा प्लाय. गाळा लहान असेल आणि दोन्ही कामं तिथेच होत असतील, तर एका दिवशी लोखंड आणि झाडून-पुसून दुसऱ्या दिवशी एसएस. तुमचे ठिपके डिस्क फिरवलेल्या भागातच जास्त आहेत का, तेवढं बघा. असतील तर कारण तेच. सगळीकडे सारखे असतील तर थेंबाची टेस्ट करा, पत्रा २०० सीरिजचा निघू शकतो.

ताईंना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. लादी धुवायचं ॲसिड आणि ब्लीच काउंटरच्या आसपाससुद्धा नको. त्या ॲसिडची नुसती वाफ बंद खोलीत रात्रभर राहिली तरी ३०४ सकाळी तांबूस दिसतो. नवीन किचनमध्ये शेवटची सफाई करणारे लोक हेच करतात आणि बोलणी फॅब्रिकेटरला बसतात. साबण, पाणी, मऊ स्क्रबर, झालं.

मशीन आत्ता घेऊ नका. काउंटर आणि ट्रे जॉबवर्कला द्या, डिझाइन तुमचं आणि शेवटची सफाई तुमची. कामं नियमित यायला लागली की २०० अँपिअरचं डीसी टीआयजी पुरेल, पण त्यात पल्स (करंट सतत कमी-जास्त करण्याची सोय) हवाच आणि पायाचा पेडल लागत असेल तर उत्तम. एसी-डीसी मशीन ॲल्युमिनियम करायचं असेल तरच. त्याआधी तुकड्यांवर हात बसवा, ०.८ वर सुरुवात न करता १.५ वरून खाली या.

राहिला तो ठिपकेवाला ट्रे. वाकलेला सरळ होणार नाही, त्यामागे लागू नका, पण गंज काढता येईल. नायलॉनच्या स्कॉच-ब्राइटने ठिपके घासा, साबणाने तेल काढा. एक लिटर कोमट पाण्यात ७०-८० ग्रॅम लिंबूफूल (सिट्रिक ॲसिड) विरघळवून ट्रे त्यात अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून. भरपूर पाण्याने धुवा, पुसा आणि रात्रभर त्यावर ओलं सुती कापड पसरून ठेवा. सकाळी कापडावर तांबूस डाग नसेल तर लोखंड निघालं. डाग असेल तर त्या जागेचा, आणि तुमच्या ग्राइंडरवर आत्ता चढवलेल्या डिस्कचा, फोटो इथेच टाका.